एक्क्याण्णव टक्के दोष

वाईजवळच्या वळणावर टेम्पो आणि लाल स्पोर्ट्स कारची धडक झाली. खांबावरच्या यंत्राने गाड्यांचे प्रकार पाहून मिनिटभरात निकाल दिला. "स्पोर्ट्स कारचा दोष एक्क्याण्णव टक्के. परवाना वर्षभर बंद."

साठाव्या वर्षी हौसेने गाडी घेतलेल्या मीनलताई तांदळे सुन्न झाल्या. "मी तर माझ्याच बाजूने येत होते."

टेम्पोचालक इलाही मुजावर खाली मान घालून उभा होता. गप्प राहिला असता तर तो सुटला असता. शेवटी त्याने जबाब नोंदवायला यंत्रावर अंगठा ठेवला. "चूक माझी आहे. मला डुलकी लागली होती."

यंत्र म्हणाले, "जबाब कारवाल्याच्या दबावाखाली दिलेला दिसतो. दोष सत्त्याण्णव टक्के. परवाना कायमचा रद्द."

इलाहीने पुन्हा अंगठा पुढे केला. मीनलताईंनी घाईने त्याचा हात धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता मला तुरुंगात टाकतील."