तिसरी ओळ

ताईने फळ्यावर तिसरी ओळ लिहिली, खडू टेकवून ठेवला आणि वळून पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

एरवी या खोलीत असं होत नाही. शुक्रवार दुपारची ही बैठक पीएच.डी. करणारे विद्यार्थीच चालवतात. सर-मॅडमना दार बंद, कारण त्यांच्यासमोर बावळट प्रश्न विचारायची लाज वाटते. रिवाज एकच: चूक दिसली की वाक्य पुरं व्हायच्या आत अडवायचं. मागच्या खेपेला एका पोराला पहिल्याच समीकरणावर तासभर लटकवलं होतं. बिचाऱ्याने वर सगळ्यांना चहा पाजला.

आणि आज सगळे मूग गिळून गप्प.

त्या ओळीत अधिक चिन्ह होतं, तिथे वजा हवं होतं. वजा घातलं की दोन्ही पदं एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात उरतं शून्य. ताईचा अख्खा प्रबंध त्या दोन पदांच्या बेरजेवर उभा होता. चूक सापडल्यापासून तिला धड झोप नव्हती. सरांसमोर जीभ रेटत नव्हती. आई रोज फोनवर विचारायची, "संपलं का गं एकदाचं?" आणि ती रोज म्हणायची, "होत आलंय." आपल्या हाताने आपलं घर पाडवत नाही माणसाला. दुसऱ्या कुणीतरी चारचौघांत मोठ्याने 'चुकलं' म्हणावं, एवढ्यासाठी ती आज फळ्यापाशी उभी राहिली होती.

ती मुद्दाम रेंगाळली. ते अधिक चिन्ह तिने पुन्हा गिरवलं, चांगलं जाड केलं. पहिल्या रांगेत मुकादम बसला होता. खुर्च्या मांडण्यापासून वक्ते धरून आणण्यापर्यंत सगळं तोच करायचा, म्हणून हे नाव. चुकांचा वास त्याला सगळ्यात आधी यायचा. आज तो बुटाच्या नाडीकडे बघत होता.

शेवटच्या उत्तराभोवती चौकट पडली. टाळ्या झाल्या, अगदी मनापासून.

"प्रश्न नाहीत ना? चला, चहा," मुकादम उठत म्हणाला.

"बस खाली," ताई म्हणाली. "तिसरी ओळ कुणालाच खटकली नाही?"

मुकादमाची खुर्ची कुरकुरली.

"खटकली गं ताई."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा चेहरा बघवेना. शेवटचं वर्ष तुझं. म्हटलं, राहू दे, झाकली मूठ."

तिने बाकीच्यांकडे पाहिलं. एकेक मान खाली गेली. म्हणजे सगळ्यांना दिसलं होतं.

तिला राग यायला हवा होता, पण तेवढं त्राण नव्हतं. वाटलं फक्त एकटं. ज्याच्या खोलीत सगळे हळू आवाजात बोलतात, त्या आजाऱ्यासारखं. आजवर या पोरांनी तिला किती छळलं होतं, आणि तिला ते किती आवडायचं, हे तिला आत्ता कळलं.

ती फळ्याकडे वळली. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली, पहिल्यापासून.

"ताई, नको ना," मुकादम म्हणाला.

ती वाचतच राहिली. दुसरी ओळ झाली. तिसरी सुरू झाली. बोट त्या जाड चिन्हापाशी आलं.

"थांब!" तो ताडकन उठून ओरडला. आवाज चिरकला. "वजा! वजा येतं तिथे!"

ताई थांबली. डोळे मिटून तिने एक लांब श्वास सोडला. मग खडू त्याच्या हातात दिला आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

"लिही," ती म्हणाली. "शून्य येईपर्यंत थांबू नकोस."