सयाजीचं निशाण

तिसऱ्या खेपेला विमान वळलं तेव्हा वारा फिरला, आणि वणवा डोंगर चढून सयाजीच्या अंगावर आला.

डोंगराच्या सोंडेवर तो पांढरं निशाण धरून उभा होता. पलटणीत सिग्नलवर पंधरा वर्षं काढून पेन्शनीत आलेला माणूस. गेले दोन महिने उसावर औषध फवारणाऱ्या विमानाला बांधावरून निशाण दाखवायचं काम त्याच्याकडं होतं. निशाण दिसलं की वैमानिक त्याच्या रोखानं सरळ यायचा, चाकं उसाच्या शेंड्यांना लागतील इतका खाली. दोघांत ठरलेली खूण एवढी एकच. दुसरी कधी लागलीच नव्हती.

आज टाकीत औषधाऐवजी पाणी होतं. वणवा खालच्या धनगरवाड्याकडं सरकत होता, म्हणून तालुक्याच्या साहेबांनी वैमानिकाला गळ घातली होती. वैमानिक मिरजेचा, शमशेर इनामदार. निघताना सयाजीनं त्याला सांगून पाहिलं होतं, की हा सपाट मळा नाही, डोंगर आहे, वारं कुठून उलटेल नेम नाही. शमशेरनं सगळं ऐकून घेतलं.

"वरनं टाकलं तर पाण्याची वाफ होते, सयाजीराव," तो म्हणाला. "खाली यावंच लागणार. तुम्ही निशाण तेवढं नीट दाखवा."

पहिल्या दोन खेपांचं पाणी जमिनीला पोचलंच नव्हतं. धुरातच विरून गेलं. तिसऱ्या खेपेला तो आणखी खाली येणार, हे सयाजीला ठाऊक होतं.

जाळ दहा हातांवर आला तसा सयाजी निशाण काखोटीला मारून वर पळाला. विजेच्या मनोऱ्याखालून पलीकडं निघाला, एका कातळावर चढला आणि मागं वळला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. कोयनेकडून आलेल्या तारा आता त्याच्या आणि विमानाच्या मधे होत्या. मनोरा धुरानं गिळला होता, तिथं तारा कुठल्या दिसायला.

विमानाचा आवाज दरीतून चढत होता.

सयाजीनं निशाण डोक्यावर धरलं आणि आडवं हलवायला लागला. मागं फिर. मागं फिर. दोन्ही हातांनी, जीव खाऊन. घसा फुटेस्तोवर ओरडला. एकदा धूर फाटला आणि विमान दिसलं. ते डाव्या अंगाला चाललं होतं, तारांपासून लांब, मोकळ्या आभाळाकडं. मग त्याचं नाक वळलं. सावकाश, नीट, रोजच्यासारखं, सयाजीच्या रोखानं.

सयाजीनं निशाण खाली टाकलं आणि त्यावर पालथा पडला. काठी पोटात रुतली. एक तसू पांढरं बाहेर राहू नये म्हणून तो कापड दोन्ही हातांनी अंगाखाली ओढत राहिला.

आवाज फार मोठा झाला नाही. तार तुटल्याचा एक ताणलेला सूर, निळा लखलखाट, मग विमान उतारावर आपटून दरीत घरंगळत गेलं. टाकी फुटली. सगळं पाणी एकदम सांडलं ते अशा जागी, जिथलं गवत केव्हाच जळून गेलं होतं. काळ्या राखेतून वाफ निघत राहिली.

वणवा दिवस कलायच्या आत कातळाला येऊन आपोआप विझला. धनगरवाड्याला झळही लागली नाही. वारा फिरला तेव्हाच तो वाचला होता.

माणसं वर आली. चौघांनी शमशेरला घोंगड्यात गुंडाळून खाली नेलं. सयाजी कातळावरून उठला नाही. धनगरवाड्यातला म्हातारा बिराप्पा त्याच्याजवळ टेकला, पाण्याचा तांब्या पुढं केला. सयाजीनं तो घेतला नाही.

"मनाला लावून घिऊ नगा," बिराप्पा म्हणाला. "तुमी लय निशान हलवलं. आमी समद्यांनी खालनं बगितलं."

सयाजी दरीकडं बघत होता.

"त्यानं बी बगितलं," तो म्हणाला.