जादाची ट्यूब

दुसऱ्यांदा टायर बसलं तेव्हा मास्तरांनी सायकल कडेला आडवी टाकली आणि खडीवरच बसकण मारली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. वय पंचावन्न. एरवी शर्टाच्या खिशावर दोन-चार सुया टोचलेल्या असायच्या, आज तिथं बारा नंबर होता. तळ्यात दोन किलोमीटर पोहून झालं होतं, नव्वदपैकी साठ किलोमीटर सायकल झाली होती आणि एकवीस किलोमीटर पळायचं बाकी होतं. स्पर्धा चौतीस जणांची, तशी चिमुकलीच. पण आठ वर्षांत मास्तर एकदाही सायकलवाल्याच्या पुढे आले नव्हते, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "एवढी एक करा आणि पुरे."

सायकलवाला म्हणजे शेजारचा दुकानदार, बावीस वर्षांपासूनचा दोस्त. दोन दुकानांमध्ये एकच भिंत, तिलाही चहाचे कप सरकवायला खिडकी पाडलेली. दरवर्षी खडीच्या याच पट्ट्यात त्याचं टायर बसायचं. दरवर्षी तो चार मिनिटांत ट्यूब बदलायचा आणि मागून येऊन मास्तरांना गाठायचा. यंदा मास्तरांचंच टायर दोनदा बसलं, आणि जवळची जादाची ट्यूब पहिल्याच वेळी संपली.

ऊन मी म्हणत होतं. वळणावरून सायकलवाला आला आणि त्यांना बघून थांबला.

"अरे मास्तर, बसलास काय? कपडे वाळत घातलेत का?"

"तू जा. माझं झालं."

"झालं म्हणजे? माझी ट्यूब आहे की." त्यानं सीटखालची पिशवी उघडली. "ही पिशवीची चेन बघ, कशी लोण्यासारखी उघडते. अख्खी पिशवी सामानासकट तुझ्याकडे टाकली होती, तरी दोन दिवसांत नवी चेन शिवून दिलीस. तुझ्या हाताला तोड नाही बाबा."

"नको म्हणतोय ना! पुढे तुझंच बसलं तर?"

"बसलं तर बघू."

"तू पुढे चाललायस, पुढेच राहा. मला तुझे उपकार नकोत."

"उपकार? डोक्यावर ऊन चढलंय तुझ्या." सायकलवाल्यानं चाक काढलंसुद्धा. त्याचे हात झपाझप चालत होते. मास्तर पाण्याची बाटली धरून नुसते उभे राहिले. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोनदा पाणीच प्यायले. हवा भरून झाली तशी सायकलवाल्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि निघाला. पुढची खडी तो जपून, चाक सांभाळत पार करत होता.

तीन किलोमीटरवर मास्तरांचं चाक पुन्हा जमिनीला टेकलं. त्यांनी हवा भरली, ती गेली. पुन्हा भरली, पुन्हा गेली. दुपारी तीनच्या आत सायकल संपवली नाही तर पळायला सोडत नाहीत. साडेतीनला मागून आलेल्या गाडीनं त्यांना सायकलसकट उचललं.

सायकलवाला पन्नाशीपुढच्या गटात पहिला आला. बातमी त्याच्याआधीच स्पर्धेच्या तंबूत पोचली होती. स्वतः सायकलच्या दुकानाचा मालक, आणि दोस्ताला ट्यूब दिली ती फुटकी. लोक एकमेकांकडे बघून गालात हसत होते. मास्तरांची बायको मात्र हसली नाही.

"केसानं गळा कापला यांचा," ती म्हणाली. "वर्षभर पहाटे उठून यांना खाऊ घातलं ते याचसाठी?"

"जाऊ दे," मास्तर म्हणाले.

"तुम्ही असे भोळे, म्हणूनच लोकांचं फावतं!"

रात्री मास्तर जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दुकान उघडून मशीनवर बसले. थोड्या वेळानं बायको घरून ते चाक घेऊन आली आणि थेट शेजारी शिरली. चाकाला कालपासून कुणी हात लावला नव्हता. तिथं दोन गिऱ्हाइकं उभी होती. असू देत, तिला तेच हवं होतं.

"भाऊजी, ही तुमची भेट परत."

सायकलवाल्याचा चेहरा उतरला. "वहिनी, मी रात्रभर डोळा मिटला नाही. नवीकोरी होती हो ती. थांबा, बघूच काय ते."

त्यानं टायर उतरवलं. आतून हात फिरवला, काटा नव्हता, खडा नव्हता. ट्यूबमध्ये हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात बुडवत वीतवीत पुढे सरकवली. एक फेरी झाली, दुसरी झाली. एकही बुडबुडा आला नाही. खिडकीपलीकडचं शिलाई मशीन थांबलं होतं.

"भोकच नाही," एक गिऱ्हाईक म्हणालं. "म्हणजे बसवतानाच गडबड."

"मुद्दाम केलेली," बायको म्हणाली.

सायकलवाल्यानं ओले हात पुसले. मग त्यानं गल्ल्यामागून कालचं पदक काढलं आणि खिडकीतून पलीकडे, मास्तरांच्या कापडावर ठेवलं.

"हे तुझं, मास्तर. मुद्दाम नाही रे केलं. देवाशपथ नाही. पण हात माझेच होते, व्हॉल्व्ह ढिला राहिला असणार. बावीस वर्षांत असं कधी झालं नाही. आता माझाच माझ्या हातांवर विश्वास राहिला नाही. आजपासून तुझ्या सायकलला मी हात लावणार नाही."

मास्तरांनी पदकाकडे पाहिलं. ते उठले, खिडकीशी आले, आणि घमेल्याकडे न बघताच म्हणाले, "व्हॉल्व्हपासून चार बोटं डावीकडे, जोडाच्या अगदी कडेला. तिथं ताणून धर, मग बुडबुडा येईल."