आठ आकडे

कंबर धरली म्हणून उत्तनचे सत्तर वर्षांचे मॅन्युएल अंकल भाईंदरच्या पिलाटेस क्लासला आले. निशिगंधा टीचरने त्यांना मॅटवर उताणं झोपवलं, गुडघे वर, पाठीचा कणा एका रेषेत. "आता तोंडाने हळूहळू श्वास सोडा. आठ आकड्यांपर्यंत जमलं तरी पुष्कळ!"

बाकीच्या बायकांचा दम सहालाच संपला. अंकलची फुंकर मात्र वीस झाले, तीस झाले तरी चालूच. डोळे मिटलेले आणि उजव्या हाताची तीन बोटं पोटावर नाचतायत. टीचर घाबरली. "अंकल, बास! श्वास घ्या आधी!"

अंकल वैतागून उठून बसले.

 

"मधीच काय थांबवतेस गो? नवरी चर्चच्या दारात पोचल्याशिवाय ट्रम्पेट बंद करायची आमच्या बँडात पद्धत न्हाय!"