बंद पार्कातला दहावा

पार्क बंद होऊन चार वर्षं झाली होती. फाटकाची साखळी ओलांडून पुरुषोत्तम, त्याची मुलगी रुही आणि शेजारचा अरुण ह्यूरन नदीच्या काठाशी आले. बार्बेक्यूच्या शेगड्या गंजून खांबांवर वाकल्या होत्या. बाकं पुराने नेली होती. पुरुषोत्तमने एका शेगडीवरची पानं हाताने झाडली आणि बायकोच्या, मीनाक्षीच्या दहाव्याचा पिंड कागदी प्लेटमध्ये तिथे मांडला.

जागा अरुणने सुचवली होती. "मराठी मंडळाच्या पिकनिकला इथले कावळे हातातलं कणीस पळवायचे," तो म्हणाला.

"आता इथे कोण खायला घालतंय त्यांना?" रुही म्हणाली.

तास गेला. एकच कावळा आला, पलीकडच्या शेगडीवर बसला. पुढे येईना.

"वहिनींचं काहीतरी राहिलंय. बोल तू," अरुण म्हणाला.

पुरुषोत्तमने हात जोडले. "मीनाक्षी, रुहीला अंतर देणार नाही. तुझ्या भावाशी भांडण मिटवतो. नागपूरचं घर विकत नाही."

कावळ्याने मान वाकडी केली. जागचा हलला नाही.

"ते नाहीये बाबा," रुही म्हणाली. "आईने मॉरिसव्हिलला माझ्याजवळ अपार्टमेंट बघितलं होतं. वन बेडरूम. तुला सोडून येणार होती. मग कॅन्सर निघाला. इन्शुरन्स तुझ्या नोकरीचा. म्हणून राहिली."

अरुण नदीकडे बघू लागला.

"पुढच्या जन्मी तुझ्या वाटेला येणार नाही, एवढं म्हण तिला," रुही म्हणाली.

"आठ महिने मी तिला हाताने भरवलं," पुरुषोत्तम म्हणाला.

"आय नो. म्हण ना, बाबा."

कावळा नाहीच शिवला तर दर्भाचा करून शिववतात, हे पुरुषोत्तमला ठाऊक होतं. दर्भ इथे कुठला मिळायचा. त्याने खांबाच्या बुडाशी माजलेलं गवत मूठभर उपटलं, गाठ मारली, पुढे चोच काढली.

"थांब जरा," अरुण हळूच म्हणाला. "येतोय तो."

कावळा खरंच जवळच्या शेगडीवर आला होता. पिंडापासून हातभर.

पुरुषोत्तमने हात उगारून त्याला हाकललं. मग गवताची चोच भातात खुपसली.

"शिवला," तो म्हणाला.