निनावी चिठ्ठी

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वाचनालयातली खुली चर्चा संपली. विषय होता, ‘असहिष्णू कोणाला म्हणायचं?’ ग्रंथपाल बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "तोंडावर बोलायची चोरी वाटत असेल, तर चिठ्ठी लिहून पेटीत टाका. नाव नको. इथे काहीही खपवून घेतलं जाईल."

"उशिरा आणलेलं पुस्तक सोडून हं!" काउंटरवरून लिपिक भाऊ म्हणाले आणि सगळा हॉल हसला. मग भाऊंनीच पेटी रांगेरांगेतून फिरवली.

लोक पांगल्यावर बाई आपल्या खोलीत चिठ्ठ्या वाचायला बसल्या. कोणी टोमणा मारला होता, कोणी शेजाऱ्याचा राग काढला होता. बाईंना गंमत वाटत होती. शेवटची चिठ्ठी मात्र त्यांनी दोनदा वाचली.

‘असल्या चर्चा भरवणारी बाईच खरी असहिष्णू. तिला वेळीच कायमचं गप्प करायला हवं. आजच.’

त्यांची नजर ‘वेळीच’वर खिळली. त्यातल्या ‘ळ’चा एक डोळा मोठा होता, दुसरा जेमतेम टिंबाएवढा. हा ‘ळ’ त्या चौदा वर्षं रोज सकाळी दाराजवळच्या फळ्यावर वाचत आल्या होत्या: ‘वाचनालयाची वेळ’. फळा भाऊ लिहायचे.

बाईंनी फोनकडे हात नेला, तेवढ्यात दार किलकिलं झालं.



"बाई, सगळे गेले बरं का," भाऊ नेहमीच्याच मायेने म्हणाले. "अंधार पडतोय, एकट्या नका जाऊ. घरापर्यंत मी येतो."