बाबांच्या खोलीतले डास

दवाखान्यात दिवसभर उभी राहून ती घरी आली, की चप्पल काढायच्या आत मागच्या खोलीतून सासऱ्यांची हाक ठरलेली. "सूनबाई, या डासांनी जीव नकोसा केलाय बघ."

मग चहा तसाच झाकून ती त्यांच्याकडे जायची. कधी कापूर जाळायची, कधी अर्ध्या लिंबात लवंगा खोचून उशाशी ठेवायची, कधी त्यांच्या हातापायांना कडुलिंबाचं तेल चोळत बसायची. कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा तिने कोरड्या केल्या. बाकी घरातले डास गेले, या खोलीतले मात्र हटता हटेनात.

सुट्टीच्या दिवशी केर काढताना तिने त्यांची खाट पुढे ओढली. मागे भिंतीला टेकून एक जुनी बादली होती. पाण्याने अर्धी भरलेली, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

ती खाटेच्या कडेला बसली. "बाबा, हे पाणी इथे कुणी आणून ठेवलं?"

ते खाटेशी उभे राहून चादरीची सुरकुती सरळ करू लागले.



"मीच. डास गेले, तर तू या खोलीत कशाला येशील?"